तेवीस नंबरची नळी

ज्ञानेश आहेरला चेहरे लक्षात राहत नसत, शिरा राहत. गंगापूर रोडवरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात तो बावीस वर्षं रक्त काढत आला होता. भाजीबाजारात कोणी हाक मारली की तो आधी गोंधळायचा, मग समोरच्याच्या कोपराच्या आतल्या बाजूकडे एक नजर टाकायचा आणि उजळून म्हणायचा, "हां, डावा हात. उजव्याला सापडत नाही तुमची." लोकांना यात आपुलकी वाटायची. बायकोचं म्हणणं वेगळं होतं: हा माणूस मला बघायला आला तेव्हाही हातच बघत होता.

बावीस वर्षांत त्याची एकही नळी चुकली नव्हती. ही गोष्ट तो स्वतःहून कधी सांगत नसे; बोलणं तिथपर्यंत येईल एवढी व्यवस्था मात्र करत असे. त्यामागचा नियमही साधा होता. पेशंटला त्याचं नाव सांगायचं नाही, विचारायचं. "तुम्ही अमुक का?" असं विचारलं की आजारी माणूस हो म्हणतो, पुढचा त्रास लवकर संपावा म्हणून तो कशालाही हो म्हणतो. तापाने फणफणलेल्या एका गृहस्थांनी सलग तीन नावांना मान डोलावलेली आहेरने पाहिली होती, आणि त्यातलं एक नाव बाईचं होतं. म्हणून "तुमचं नाव काय?" हा प्रश्न. उत्तर ऐकायचं, चिठ्ठीशी ताडायचं, नळीवर लेबल लावायचं, आणि मगच सुई.

तीन वर्षांपूर्वी ट्रस्टने अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन इंटर्नशिप सुरू केली. बारा जागा, सहा आठवडे, शेवटी पोस्टर आणि प्रमाणपत्र. संशोधनाची ओढ मुलांपेक्षा पालकांना जास्त असल्याचं पहिल्याच वर्षी लक्षात आलं. अर्जासोबत निबंध मागवला होता, 'मला वैद्यकीय संशोधन का करायचे आहे'. बारापैकी नऊ निबंधांत आजोबा गंभीर आजारी पडले होते, आणि भाषा पाहता ते एकच आजोबा असावेत.

कार्यक्रमाच्या प्रमुख होत्या डॉक्टर राखी देवरे, प्रयोगशाळेच्याही प्रमुख. त्यांनी उद्घाटनाला पाऊण तास बोलायचं आणि मुलांना तळघरातल्या प्रयोगशाळेत आहेरच्या हवाली करायचं, अशी कामाची वाटणी होती. तिथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. हॉस्पिटलात इतकी वर्षं ज्याला सगळे नुसतं 'आहेर' म्हणत होते, त्याला मुलं 'सर' म्हणायला लागली. पहिल्या दिवशी त्याने मागे वळून पाहिलं, देवरे मॅडम आल्या की काय म्हणून. महिनाभरात त्याला त्या शब्दाची सवय झाली, आणि सवयीपुढे जी पायरी असते तीही तो चढला.

यंदाच्या तुकडीत तेजस्विनी पगारे होती. देवळाली कॅम्पहून बसने यायची. वडील लष्करी कार्यालयात मुलकी कारकून, आई शिक्षिका. हिच्या निबंधात आजोबा नव्हते. आईला एकदा भलत्याच बाईचा रिपोर्ट हातात मिळाला, त्यात साखर वाढलेली निघाली, आणि घराने दोन महिने बिनसाखरेचा चहा प्यायला. नंतर कळलं की आईला काहीच नाही. "तेव्हा त्या दुसऱ्या बाईने दोन महिने गोड चहा प्यायला असेल," असं तिने लिहिलं होतं. निबंध तिथेच संपला होता. आहेरने तो मॅडमच्या टेबलावर उभ्या उभ्या वाचला आणि ही मुलगी माझ्याकडे द्या, म्हणाला.

तेजस्विनी आहेर जे सांगेल ते वहीत उतरवून घ्यायची, अगदी 'हात धुतल्यावर नळ कोपराने बंद करणे' हेसुद्धा. वहीच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: नाव सांगायचं नाही, विचारायचं. खाली कंसात: आहेर सर.

यंदाचा विषय होता लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर काम करणाऱ्या बायकांमधलं रक्ताचं प्रमाण. साठ बायका, प्रत्येकीची संमतिपत्रावर सही किंवा अंगठा, मग एक नळी रक्त. मुलांच्या हातात सुई द्यायची नाही, हे पक्कं होतं. त्यांनी फॉर्म भरायचे आणि लेबलं चिकटवायची. हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं तर त्या बाईला ताबडतोब बोलावून उपचार द्यायचे, असं फॉर्मवरच छापलेलं होतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते खळ्यावर पोहोचले. व्यापाऱ्याने जेवणाची सुट्टी दिली होती, पाऊण तास. पत्र्याखाली कांद्याचे ढीग, वाळलेली पात आणि टरफलं पंख्याच्या वाऱ्याने तोंडावर येत होती. आयुष नावाच्या विद्यार्थ्याने आल्या आल्या पांढऱ्या कोटात ढिगासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. परदेशातल्या अर्जासाठी तो लागणार होता. मुकादम केरू हजेरीची वही घेऊन स्टुलावर बसला आणि एकेक नाव पुकारू लागला. बाई यायची, समोर बसायची, हात पुढे करायची. वीस मिनिटांत बावीस झाल्या. आहेरने घड्याळ पाहिलं. साठ काही होणार नव्हत्या.

केरूने पुकारलं, शकुबाई. एक किडकिडीत बाई आली. ओच्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. आहेरने तिचा हात धरला. तळवा पांढुरका. शीर बारीक, खोल, अंगठ्याच्या बाजूला वळलेली.

"मावशी, तुमचं नाव काय?" तेजस्विनीने विचारलं. बावीस बायकांना तिने हेच विचारलं होतं.

बाईने केरूकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"आता पुकारलं ना, शकुबाई," केरू म्हणाला. "पोरी, वहीत हाय समदं."

"तरी त्यांना सांगू दे," तेजस्विनी म्हणाली.

"लिही गं," आहेर म्हणाला. "नाव वहीत आहे. पुढचीही वहीतूनच घे, वेळ नाही."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. बाईने अंगठा दिला. साठही नमुने वेळेत झाले आणि व्यापाऱ्याने सगळ्यांना ताक पाजलं.

संध्याकाळी मशीनने तेवीस नंबरच्या नळीचं हिमोग्लोबिन पाच पूर्णांक चार दाखवलं. आहेरने पुन्हा लावली, पुन्हा तेच. त्याने केरूला फोन करून शकुबाईला घेऊन यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली: धडधाकट, गाल लालबुंद, तळघराचा जिना एका दमात उतरून. आहेरने तिची बाही वर केली. शीर दोरखंडासारखी वर आलेली होती. हा हात त्याने आयुष्यात कधी धरलेला नव्हता.

"त्या दिवशी तुम्हीच होता ना?" त्याने विचारलं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा प्रश्न कसा विचारायचा नसतो, हे तो तीन वर्षं शिकवत होता.

"मीच की," शकुबाई म्हणाली.

नव्याने नमुना घ्यायचा म्हणून नवीन फॉर्म पुढे केला. तिने पेन मागितलं आणि वळणदार अक्षरात पूर्ण सही केली, आडनावासकट. जुन्या फॉर्मवर अंगठा होता.

आहेर देवळ्याकडचा. त्याची आई कितीतरी हंगाम दुसऱ्या बाईच्या नावावर कांदे निवडायला गेलेली. टोळीतली जागा बाईची नसते, नावाची असते. शकुबाई माहेरी गेली, वणीच्या देवीला गेली, की तिच्या जागी जाऊ जाते, नणंद जाते, आणि 'शकुबाई' म्हणून पुकारलं की ओ देते. नाहीतर मुकादम जागा दुसरीला देतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. मुकादमालाही माहीत असतं. लहानपणी आहेर आईचा डबा घेऊन खळ्यावर जायचा तेव्हा तिला दुसऱ्याच नावाने शोधायचा. हे सगळं त्याला ठाऊक होतं. खळ्यावर त्या पाऊण तासात तेवढं एक आठवलं नाही.

नवीन नमुना बारा पूर्णांक आठ आला. देवरे मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, मशीनचं काहीतरी झालं असेल, आहेर, तेवढा नमुना वगळा. त्यांच्यापुढे त्या दिवशी शंभर रिपोर्ट होते. 'नाही मॅडम' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण पुढचा प्रश्न आला असता, नाव कोणी विचारलं. मग बावीस वर्षं गेली असती, आणि 'सर' गेलं असतं. तो 'बरं' म्हणाला. बाहेर येऊन शकुबाईला सांगितलं की तुम्ही ठणठणीत आहात, मशीनची चूक होती. तेजस्विनीलाही तेच सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं: कधी कधी मशीन चुकतं. खाली कंसात: आहेर सर.

दोष मशीनवर घातलेला बरा असतो, त्याला नोटीस येत नाही. पण आहेरचं पुढचं सगळं बिघडलं. भात खाताना त्याला त्या बाईच्या तोंडातले कच्चे तांदूळ आठवायचे, रक्त कमी झालं की लागणारी ती खोड. कोणाचा तळवा पांढरट दिसला की तो चिठ्ठीवरचं नाव दोनदा वाचायचा. उद्या लासलगावला फोन करू, असं तो रोज ठरवायचा. पण उद्या फोन केला तर काल का नाही केला हे सांगावं लागणार होतं, आणि ते रोज एका दिवसाने वाढत होतं.

एकोणिसाव्या दिवशी तेजस्विनी पोस्टरसाठी सह्या आणि अंगठे मोजत होती. किती बायका लिहू शकतात, हे तिला तक्त्यात घालायचं होतं. तिने तेवीस नंबरचे दोन फॉर्म त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"सर, शकुबाईंना सही येते."

आहेर नळ्या लावत होता. तो नळ्या लावत राहिला.

"म्हणजे ते पाच पूर्णांक चार कोणाचं तरी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुम्हाला कधी कळलं?"

"ती आली तेव्हाच."

तिने दोन्ही फॉर्म एकावर एक ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही जाताय ना, सर?"

या वेळी तो 'सर' शब्द त्याला कुठेच ठेवता येईना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो निफाडमार्गे बसने लासलगावला गेला. केरू खळ्यावरच भेटला. आधी म्हणाला, मला काय ठाऊक, भाऊ. मग आहेरने आपल्या आईचं सांगितलं, तेव्हा तो मऊ झाला. ती मैना, शकुबाईची जाऊ. आता येत नाही. सारखी गोणीला टेकून बसायची, म्हणून मीच तिला म्हणलं घरी बस. यात कुणाचं नाव काढू नका, एवढीच त्याची विनंती होती. नाव न काढण्याच्या बाबतीत आहेर तेव्हा त्याच्यापेक्षा अनुभवी होता.

मैना उंबऱ्यावर बसली होती. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आहेरने तिचा उजवा हात हातात घेतला. बारीक, खोल, अंगठ्याच्या बाजूला वळलेली.

"काय डाक्टर," ती म्हणाली, "रगत माघारी द्यायला आले का?"

त्याने हाताचं विचारलं.

"नळावर हंडा उचलला, आन अंधारी आली. चार दिस झाले."

चार दिवस. म्हणजे नळीला सोळा दिवस झाले होते तेव्हा. त्याने हा हिशेब तिथेच उभ्या उभ्या केला आणि नंतर तो कधी पुसला गेला नाही.

आतून शकुबाई आली. त्याला पाहून ओशाळली. मी खोटं बोलले, म्हणाली. जागा गेली असती. मग म्हणाली, "पण तुमीच म्हणले ना, मशीन चुकलं. मी घरी येऊन हिला सांगितलं, तुझंबी रगत चांगलंच असंल, त्यांचं मशीनच बिघाडेल हाय. तवर ही म्हणत व्हती, एकदा दवाखान्यात दाखवू."

आहेर उंबऱ्याच्या बाजूला खाली बसला. मैनाने जावेला चहा टाकायला सांगितलं. लांबून आलेत, म्हणाली.

तिला त्याच दिवशी नाशिकला आणलं. दोन बाटल्या रक्त चढवलं, सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठ निघाली, औषधं सुरू झाली. देवरे मॅडमना त्याने सांगितलं की बाई सापडली, ती बदलीवर आलेली होती. मॅडम त्याच्यावर खूश झाल्या. स्वतः शोधून आणलंत, म्हणाल्या. नाव विचारण्याचा भाग त्याने सांगितला नाही. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं हलकं होईल अशी त्याची समजूत होती. ते दुप्पट झालं, कारण आता त्यावर शाबासकीही बसली होती.

जूनमध्ये सभागृहात पोस्टर मांडले गेले. पालक, विश्वस्त आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. आहेर मागे, पडद्यावरचं चित्र बदलणाऱ्या संगणकापाशी उभा होता. तेजस्विनी नीट बोलली. साठपैकी एकेचाळीस बायकांना रक्त कमी. शेवटचं चित्र होतं 'त्रुटी'. मॅडमनी तपासून दिलेलं वाक्य, 'तांत्रिक कारणाने एक नमुना वगळला', त्या चित्रात नव्हतं. तिने ते बदललं होतं. 'नमुना २३: नाव हजेरीच्या वहीतून घेतल्यामुळे ओळख चुकली. संबंधित महिलेला उपचार मिळायला वीस दिवस उशीर झाला.'

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, नाव कोणी घेतलं.

"मी, सर," तेजस्विनी म्हणाली. "पेन माझ्या हातात होतं."

तिच्या आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. परीक्षक कागदावर काहीतरी लिहू लागले. आहेरला ते पेन चालताना मागूनही ऐकू आलं.

"चूक आहे ते," तो म्हणाला. सभागृहातली डोकी वळली. त्याने संगणकावरचा हात काढून घेतला. "नाव तिने विचारलं होतं. वर म्हणालीही, त्यांना सांगू दे. मी म्हणालो, वहीतून लिही. आणि ती बाई दुसरी होती हे मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मी मशीनचं नाव सांगितलं."

देवरे मॅडमनी समोरच्या फुलदाणीची जागा थोडी बदलली. मग सूत्रसंचालकाने पुढचं पोस्टर जाहीर केलं, आयुषचं, मोबाइल आणि झोप यांवर. त्यातले तक्ते फार सुंदर रंगवलेले होते. पहिला क्रमांक त्यालाच मिळाला.

जाताना तेजस्विनीने आहेरला गाठलं. तुम्ही बोलायला नको होतं, असं ती म्हणाली नाही. बरं झालं बोललात, असंही नाही. वहीतलं एक पान उघडून तिने 'कधी कधी मशीन चुकतं' हे वाक्य दाखवलं. ते तिने एका रेघेने खोडलं होतं. खालचं 'आहेर सर' मात्र तसंच होतं.

"मशीनवर अन्याय नको," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

आहेर आठ दिवस शिक्षेची वाट पाहत होता. इंटर्नशिपमधून काढतील, पगारवाढ थांबवतील, निदान मॅडम चार शब्द सुनावतील. नवव्या दिवशी ट्रस्टचं पत्र आलं. 'भविष्यात अशा प्रसंगी योग्य ती दक्षता घ्यावी.' खाली सही, जावक क्रमांक. त्याने पाकीट उलटं करून आणखी काही आहे का पाहिलं. एवढ्यावर भागणार असेल, तर उरलेलं त्याचं त्यालाच बघावं लागणार होतं.

जुलैअखेर मैना तपासणीला आली, सोबत शकुबाई. आहेरने मैनाला समोरच्या खुर्चीवर बसवलं, बाही वर केली, शीर ओळखली, आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

"या टायमाला माझंच," ती म्हणाली. "मैना."

त्याने लेबल लिहिलं, आडनाव विचारलं, लेबल चिकटवलं, मग पुन्हा नाव विचारलं. शकुबाई हसायला लागली. लासलगावच्या टोळीत आता त्याला विसराळू डाक्टर म्हणतात, असं तिने सांगितलं. तो डॉक्टर नव्हता, आणि विसराळू तर मुळीच नव्हता. त्याने काही दुरुस्ती केली नाही.

प्लास्टर निघालं होतं. त्याने विचारलं म्हणून मैनाने डावं मनगट वळवून दाखवलं. निम्म्यापर्यंत वळलं आणि थांबलं. अस्थिरोगवाले म्हणाले होते, होईल हळूहळू, कदाचित एवढंच राहील. गोणीचं तोंड शिवताना डाव्या हाताने आवळून धरावं लागतं, ते तेवढं जमत नाही, ती म्हणाली. आता निवडायलाच बसते, शिवायला नाही. तक्रार करावी तसं नव्हतं ते, नुसतंच सांगणं होतं.

आहेरने ऐकून घेतलं. मग सुई उचलण्याआधी त्याने तिला परत एकदा नाव विचारलं.